वाढत्या अंगावरची शस्त्रक्रिया

कॉटन ग्रीन स्थानकाजवळ कापूस बाजाराची जुनी इमारत उभी आहे. हा बाजार १९२० च्या दशकात कुलाब्याहून इकडे हलला. स्थानकाच्या पश्चिमेला काळाचौकी, अभ्युदयनगर आणि पुढे लालबाग, परळ. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने ज्या घरांतला गिरणीचा पगार थांबला, त्या घरांतली नातवंडं आज इथल्या शाळा-कॉलेजांत आहेत. गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि त्यांच्या आसपास त्वचेची, केसांची, दातांची चकचकीत क्लिनिकं आली. याच टापूत आचार्य दोंदे मार्गावर महापालिकेचं केईएम आहे, त्याच रस्त्यावर मुलांचं वाडिया रुग्णालय आहे, जवळच टाटा आणि ग्लेनीगल्स (पूर्वीचं ग्लोबल), भायखळ्याकडे मसीना आणि जेजे. वयात येणाऱ्या मुलाच्या अंगावर शस्त्रक्रिया कुणी करायची, केव्हा आणि कशासाठी, या प्रश्नाची बहुतेक सगळी रूपं या दोन-चार किलोमीटरांत सापडतात.

या विषयावर बोलायला लागलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: फोनमधला चेहरा दाखवून तसंच नाक मागणारी सतरा वर्षांची मुलगी. ती मुलगी आहे, आणि तिच्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे. पण ज्या मुलांना शस्त्रक्रियेची खरी गरज असते ती उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत, आणि ज्यांनी थांबायला हवं त्यांना थांबा म्हणणारी कुठलीही व्यवस्था आपल्याकडे नाही. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात, आणि एकीचा विचार दुसरीला वगळून करता येत नाही.

थोडं मागे जायला हवं, कारण चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या आधुनिक इतिहासातलं एक मोठं पान पुण्याजवळचं आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. कंपनी सरकारचे दोन इंग्रज डॉक्टर ते पाहत होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिगत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि तिथून ही विद्या युरोपभर गेली. पुण्याच्या त्या माणसाचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला वाईट वाटतं. कावसजीला देखणं व्हायचं नव्हतं. त्याला चारचौघांत परत बसायचं होतं.

हाच धागा विसाव्या शतकात डॉ. नोशीर अँटिया यांच्या कामात दिसतो. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरी शिकून आलेल्या या सर्जनने जेजे रुग्णालयात तिचा विभाग उभा केला आणि आपलं कौशल्य कुष्ठरुग्णांसाठी वापरलं. कुष्ठरोगात आतून आधार गेलेलं नाक बसतं, भुवया जातात, बोटं आकसतात. औषधाने रोग बरा झाला तरी चेहऱ्यावर त्याची खूण राहते आणि घरचे दार उघडत नाहीत. बसलेलं नाक उभं करणं म्हणजे त्या माणसाला घरी परत जाण्याची वाट करून देणं होतं. साधारण त्याच काळात, १९५८ मध्ये, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तो देशातला पहिला मानला जातो. म्हणजे महाराष्ट्रात या शाखेचा पाया घातला गेला तो व्यंग, भाजणं आणि रोगाच्या खुणा यांवर. नटनट्यांची नाकं पुष्कळ नंतर आली.

त्या पायावरचं काम आजही चालू आहे आणि ते किशोरांशी किती जोडलेलं आहे हे बाहेर फारसं माहीत नाही. दुभंगलेल्या ओठाचंच घ्या. हजार जन्मांमागे साधारण एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. आईने ग्रहणात काही चिरलं म्हणून असं झालं, ही समजूत आपल्याकडे अजून जिवंत आहे आणि तिचं ओझं त्या बाईच्या डोक्यावर आयुष्यभर राहतं. ओठाची शस्त्रक्रिया तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळूची बाळ बोलायला लागण्याच्या सुमारास, वर्ष-दीड वर्षाच्या आत. इथपर्यंत बरीच मुलं येतात, कारण ‘स्माइल ट्रेन’सारख्या संस्थांच्या मदतीने हे उपचार पुष्कळ ठिकाणी मोफत होतात. पण काम तिथे संपत नाही. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा दात खाली येण्याआधी, हिरडीच्या फटीत कमरेच्या हाडाचा चुरा भरावा लागतो. मग तारा. वरचा जबडा मागे राहिला तर सोळा-अठराच्या सुमारास, वाढ थांबल्यावर, तो पुढे आणावा लागतो. नाकाचा एका बाजूला वळलेला शेंडा शेवटी सरळ होतो, तोही त्याच वयात.

मधली वर्षं निसटतात ती इथे. बाळपणी ओठ शिवला, मूल दूध पिऊ लागलं, बोलू लागलं, आता आणखी काय? चौदाव्या वर्षी मुलगा आरशात आपलं वाकडं नाक पाहतो आणि घरात सांगतो, तर त्याला ऐकावं लागतं की आता कसले नखरे, तुझं ऑपरेशन झालंय ना. त्याची मागणी हौसेची नसते. तो आपल्या उपचारांचा उरलेला भाग मागत असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, आणि दुभंगलेला ओठ व टाळू त्यांच्या यादीत आहे. त्या पथकाने नववीतल्या मुलालाही विचारायला हवं की पुढचं ऑपरेशन झालं का.

भाजलेल्या मुलांचं दुखणं याहून लांबतं. स्टोव्ह, गरम पाण्याची बादली, दिवाळीतला फटाका. चार वर्षांच्या मुलीची मान भाजली आणि जखम भरली, तरी तिथली त्वचा ताणली जात नाही. मूल वाढतं, व्रण वाढत नाही. लहानपणीचा सदरा मोठेपणी काखेत कसावा तसा तो व्रण वाढत्या अंगाला ओढून धरतो. म्हणून उंची झपाट्याने वाढायच्या वयात, अकराव्या-बाराव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या-सोळाव्या वर्षी, तो सोडवून नवी त्वचा बसवावी लागते. छाती भाजलेली मुलगी वयात येते तेव्हा व्रणाखाली स्तनाच्या वाढीला जागाच नसते. ती हे कुणाला सांगणार? अनेकदा आईलाही सांगत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर डोळ्यांसारखंच त्वचेचंही दान करता येतं आणि भाजलेल्याचा जीव वाचवायला ते उपयोगी पडतं. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरच्या उपचारांचा समावेश आहे. ॲसिड हल्ल्यातल्या मुलींसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर मोफत उपचाराचं बंधन आलं, आणि त्यात चेहरा पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियाही येतात. ज्या मुलीच्या याचिकेमुळे हे घडलं, ती हल्ल्याच्या वेळी, २००५ मध्ये, पंधरा वर्षांची होती.

परळमधलंच आणखी एक उदाहरण. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना सोळा वर्षांच्या एका मुलीचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात तिला दात्याचे दोन्ही हात बसवण्यात आले. हेही प्लास्टिक सर्जनचंच काम.

या मुलांबाबत दुमत नाही. अवघड जागा याच्या पुढे सुरू होते, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

लालबाग, काळाचौकी, परळ हा कबड्डीचा आणि गोविंदा पथकांचा मुलूख. सरावाला अंगात बनियन, दहीहंडीला अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची छाती एका किंवा दोन्ही बाजूंनी फुगते, स्तनाग्राखाली दुखरी गाठ लागते. वयात येताना अर्ध्याहून अधिक मुलग्यांना थोड्याफार प्रमाणात हे होतं. संप्रेरकांचं प्रमाण त्या काळात वरखाली होत असतं, एवढंच कारण. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. हे कुणी त्याला सांगितलेलं नसतं. तो दोन बनियन घालतो, खांदे पुढे पाडून चालतो, पोहायला जाणं बंद करतो, सरावाला दांड्या मारतो. पोरं चिमटे काढतात, नावं ठेवतात. घरात हा विषय निघू शकत नाही, कारण मुलग्याला छाती येणं हीच आपल्याकडे न बोलायची गोष्ट.

यावर शस्त्रक्रिया आहे. स्तनाग्राच्या कडेला छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात, आजूबाजूची चरबी शोषून घेतात, मुलगा दोन-चार दिवसांत चालता-फिरता होतो. जाहिरातींत हिचं नाव ठळक दिसतं, आणि दरवेळी ती हौस असते असं नाही. दोन वर्षं उलटून गेली, वजन आटोक्यात आलं, तरी ग्रंथी घट्ट आणि मोठी राहिली, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आणखी वाट पाहायला लावण्यात काही अर्थ नाही असं मला वाटतं. पण चौदाव्या वर्षी, वाढ चालू असताना, घाईने केली तर जे आपोआप जाणार होतं त्यासाठी व्रण घेतला असं होईल, आणि उरलेली ग्रंथी पुन्हा वाढूही शकते. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरने काही गोष्टी विचारायलाच हव्यात: मुलगा जिममध्ये कुणी दिलेली इंजेक्शनं किंवा पावडरी घेतो का, कुठली औषधं चालू आहेत, वृषणांची तपासणी झाली आहे का. क्वचित यामागे खरा आजार असतो. पॅकेज विकायला बसलेल्या क्लिनिकमध्ये हे प्रश्न विचारले जातीलच याची खात्री नाही. सरकारी रुग्णालयातला निवासी डॉक्टर विचारतो, कारण परीक्षेत त्याला तेच विचारलेलं असतं.

मुलींमध्ये याचीच दुसरी बाजू म्हणजे फार जड स्तन. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे वळ, मानदुखी, खेळ सुटलेला, बसमध्ये छातीवर धरलेलं दप्तर. इथेही वाढ स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं, आणि पुढे अंगावर पाजण्यावर परिणाम होऊ शकतो हे पंधरा-सोळाच्या मुलीला समजेल अशा शब्दांत सांगावं लागतं. तिला आज ते दूरचं वाटणार. म्हणून तर दोनदा सांगायचं.

बाहेर आलेल्या कानांचं उलट आहे. कान पाच-सहा वर्षांत जवळजवळ पूर्ण आकाराला येतो, म्हणून ही शस्त्रक्रिया शाळेच्या सुरुवातीलाच करता येते. पहिल्या काही आठवड्यांत तर नुसत्या साच्याने कान वळवता येतो. सुपासारखे कान म्हणून दहा वर्षं हसू झाल्यावर आठवीत शस्त्रक्रिया करण्यापेक्षा ते बरं. कोडाच्या पांढऱ्या डागांवर, निदान वर्षभर नवा डाग आला नसेल तर, दुसऱ्या जागची त्वचा बसवता येते. कोड संसर्गाने पसरत नाही, हे इतक्या वर्षांत सांगून झालं तरी मुलीच्या मानेवर डाग दिसला की घरातल्यांना आधी तिचं लग्न आठवतं. डागापेक्षा ती भीती मुलीला जास्त पोखरते.

आता त्या सतरा वर्षांच्या मुलीकडे येते.

नाकाची वाढ मुलींमध्ये पंधरा-सोळा आणि मुलांमध्ये सोळा-सतरापर्यंत चालू असते. उंची आणि चपलेचं माप वर्षभर बदललं नाही, तर वाढ थांबली असं ढोबळपणे समजतात. त्याआधी हाड-कूर्चा कापली तर पुढे नाक कसं वाढेल ते सांगता येत नाही. काही मुलांच्या नाकाचा पडदा खरोखर वाकडा असतो, श्वास अडतो, आणि तिथे उपचार आणि रूप एकाच टेबलावर सुधारतं. पण पुष्कळदा तक्रार असते ती फोनमधल्या नाकाची. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला. मुलगी दिवसभर जे नाक पाहते, ते समोरच्या माणसाला दिसतच नाही. त्यावर फिल्टर: गाल आत, डोळे मोठे, कातडी गुळगुळीत. पूर्वी मुली नटीचा फोटो घेऊन यायच्या, आता स्वतःचाच बदललेला फोटो घेऊन येतात, असं जगभरचे सर्जन सांगू लागले आहेत. आपल्या शरीराबद्दल आधीच खंत बाळगणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी दर तिघींतल्या एकीला इन्स्टाग्राममुळे जास्तच वाईट वाटतं, हे त्या कंपनीच्या अंतर्गत संशोधनात आढळलं होतं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ते ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बाहेर आणलं.

फोनला सगळा दोष देऊन आपण सुटतो, असं मात्र मला वाटत नाही. मुलीला आपलं नाक बसकं आहे हे बहुधा पहिल्यांदा घरात कळतं. बारशाला आलेली आत्या बाळाचा रंग बघते. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य कौतुकाचं समजलं जातं, त्यातला ‘पण’ मुलगी विसरत नाही. दात पुढे, केस राठ, कपाळ मोठं, उंची बेताची. सगळं प्रेमानेच बोललं जातं. लग्नाच्या जाहिरातींतला ‘गोरी, सडपातळ’ हा जोडशब्द आपल्या कित्येक पिढ्यांनी छापला आणि वाचला. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातला गोरेपणा गेला. घरातल्या बोलण्यातला गेलेला नाही.

आणि बाजारात सगळ्यांत आधी, सगळ्यांत स्वस्त मिळतो तो गोरेपणाच. सुरीच्या कितीतरी आधी मलम येतं. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडची मलमं पहिल्या महिन्यात चेहरा उजळ, नितळ करतात. नंतर त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, पुरळ येतं, लव वाढते, आणि मलम थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा पेटतो. २०१८ मध्ये केंद्राने अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दुकानात जाऊन मागून बघा, चिठ्ठी कोण विचारतं ते. त्याहून वाईट म्हणजे पारा. केईएम रुग्णालयाने उजेडात आणलेलं अकोल्याच्या कुटुंबाचं प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं: विशीतली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार. तिघीही ब्युटीशियनकडून आणलेलं एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या, आणि त्यात पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. मुलीचा चेहरा उजळलेला पाहून आईनेही तेच क्रीम लावलं, हा त्या बातमीतला तपशील मला सगळ्यांत जास्त लागला.

ओठांत भरायची इंजेक्शनं, जबड्याचे स्नायू सैल करणारी बोटुलिनमची इंजेक्शनं ही ‘शस्त्रक्रिया नाही’ म्हणून सोपी वाटतात. भरणद्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित डोळा जातो. चरबी काढणं ही तर अनेकदा पूर्ण भुलीची, मोठ्या धोक्याची शस्त्रक्रिया आहे. मे २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांतली अभिनेत्री चेतना राज अशा शस्त्रक्रियेनंतर गेली. ती २१ वर्षांची होती.

काही मुलांची गोष्ट याहूनही वेगळी असते. दुसऱ्याला न दिसणारी किंवा जेमतेम दिसणारी खोट त्यांच्या मनात दिवसाचे तासन्‌तास घर करते. आरसा सुटत नाही, किंवा आरशासमोर जाववत नाही, कॉलेज बुडतं, फोटो नको, पाहुणे नकोत. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर हा मनाचा आजार आहे, साधारण शंभरात दोघांना होतो, आणि बहुतेकदा किशोरवयातच सुरू होतो. सौंदर्यशस्त्रक्रिया मागायला येणाऱ्यांत त्याचं प्रमाण पुष्कळ जास्त असतं. यात शस्त्रक्रियेने समाधान मिळत नाही. नाक झालं की हनुवटी खुपू लागते. समुपदेशन आणि औषधांनी मात्र फरक पडतो. अशा मुलाला सर्जनकडे नेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं. मुंबईच्या पालिका रुग्णालयांत ते विभाग आहेत, आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनच्या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येतं.

कायद्याचं काय? आपल्याकडे अठरा वर्षांखालच्यांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी वेगळा कायदा नाही. गरज आणि हौस यांच्यातली सर्वांत स्पष्ट रेषा आखली आहे ती करकायद्याने. वस्तू व सेवा करात आरोग्यसेवा करमुक्त आहे. केसरोपण आणि सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी त्यातून वगळलेली आहे आणि तिच्यावर १८ टक्के कर लागतो. पण शस्त्रक्रिया जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेलं अंग पूर्ववत करण्यासाठी असेल तर कर नाही. आरोग्य विम्याचे नियमही सौंदर्यशस्त्रक्रिया वगळतात. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला मात्र सूट ठेवतात. कर आकारायला ही रेषा पुरते. कबड्डी सोडलेल्या मुलाची छाती ‘वाढीतला दोष’ की हौस, हे बिल बनवणारा ठरवणार का?

संमतीचं असं: अठरापर्यंत पालकांची सही घेतात आणि व्यवहारात तीच पुरते. संमती म्हणजे नुसती सही नव्हे, उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके समजून दिलेला होकार, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं. पण सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःला काय हवंय, हे आईवडील बाहेर बसवून कुणी विचारलंच पाहिजे अशी सक्ती नाही. कधी हट्ट मुलीचा असतो, कधी आईचा. लग्नाचं वय जवळ येतंय म्हणून डाग, रंग, नाक ‘करून टाकण्याचा’ आग्रह घरातून होतो, तेव्हा ती मुलगी मान डोलावते ती कशासाठी?

करणारा कोण, हा पुढचा प्रश्न. प्लास्टिक सर्जन होण्यासाठी एम.एस.नंतर तीन वर्षांचं एम.सीएच. लागतं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लेखी बजावावं लागलं की कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवर बघून अशा प्रक्रिया करता येत नाहीत. महाराष्ट्रातला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागांसाठी आहे. खुर्चीत बसवून इंजेक्शन देऊन घरी पाठवणारं केंद्र त्यातून निसटतं.

बाहेरच्या देशांनी या वयासाठी वेगवेगळ्या वाटा धरल्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडने २००८ मध्ये अठराखालच्यांच्या सौंदर्यशस्त्रक्रियांवर बंदी घातली. इटलीने २०१२ मध्ये केवळ रूपासाठी अल्पवयीन मुलींमध्ये स्तनरोपण करायला मनाई केली. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठराखालच्यांना सौंदर्यासाठी बोटुलिनम किंवा भरणद्रव्याची इंजेक्शनं देणं गुन्हा आहे. दक्षिण कोरियात उलट दिसतं: कॉलेज प्रवेशपरीक्षा संपली की पापण्यांच्या शस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांना सवलती जाहीर होतात. आपल्याकडे बारावीनंतरच्या सुट्टीत असाच हंगाम तयार होताना दिसतो.

सरसकट बंदी मला पटत नाही. ती आली तर नाकाची हौस रोखायच्या नादात छातीमुळे खेळ सोडलेला मुलगा आणि मानदुखीने बेजार झालेली मुलगी दोघंही अठरापर्यंत ताटकळतील. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यक मंडळाने २०१६ मध्ये घातलेला नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो: मुलगा किंवा मुलगी अठराखालची असेल आणि शस्त्रक्रिया मोठी असेल, तर निर्णय आणि शस्त्रक्रिया यांत तीन महिने जायलाच हवेत, आणि त्याआधी मानसतज्ज्ञाकडून किंवा शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या डॉक्टरकडून मनाची तपासणी व्हायला हवी. या वयात तीन महिने ही फार मोठी मुदत असते. त्यात मित्र बदलतात, आवडीनिवडी बदलतात, कधी तक्रारही बदलते. नाही बदलली, तर शस्त्रक्रिया करावी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेला असा नियम राज्यापुरता सुचवता येईल. त्यासोबत अठराखालच्यांना उद्देशून केलेल्या, आधीचा-नंतरचा फोटो लावलेल्या जाहिराती बंद व्हायला हव्यात. जर्मनीने ते केलं आहे. पार्लरमधल्या सुयांवर अन्न व औषध प्रशासनाने छापे घालायला तर नवा कायदाही लागत नाही.

दुसरी बाजू पैशांची आणि वेळेची आहे. काळाचौकीच्या चाळीतल्या आईला केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात मुलाला न्यायचं, तर दिवसाचा रोज बुडतो आणि मुलाची शाळाही. दुभंगलेल्या ओठाचं शेवटचं ऑपरेशन, भाजलेल्या मानेचा व्रण सोडवणं, सोळा वर्षांच्या मुलाची न ओसरलेली छाती, या तिन्हींसाठी आठवड्यातून एक दुपार वेगळी ठेवता येईल. त्या दुपारी प्लास्टिक सर्जन, दंतवैद्य आणि समुपदेशक एकाच ठिकाणी बसतील, आणि शाळेच्या तपासणी पथकाने दिलेली चिठ्ठी तिथे थेट चालेल. शस्त्रक्रियेची तारीख मे महिन्यातली मिळाली, तर जूनमध्ये मूल वर्गात असेल.